शपथेतला जादा शब्द

सुतारानं व्यासपीठावरची शेवटची खुर्ची उचलली, भिंतीला टेकवली, पुन्हा आणून मांडली. सकाळपासून त्याचा हाच खेळ चालला होता. "एकदा काय ते ठरवा," तो समोरच्या कारकुनाला म्हणाला. "ठरवणारे आत आहेत," कारकून म्हणाला. "मला विचारशील तर मी स्वतः उभाच आहे."

*

एका घरात मोरीच्या दारावर पितळी पाटी आहे. तिच्यावर कोरलंय: मंत्री. कसला, ते कोरलेलं नाही. कोरणाऱ्यानं पुढं जागा सोडली होती. त्या जागेत आता टॉवेलाचा खिळा आहे.

*

जमिनीखाली उतरायला एकच वाट असली, की वर यायलाही तीच.

*

डॉक्टरांच्या जावयानं आरशासमोर नव्या कोटाची बाही ओढून सरळ केली, मान जरा तिरकी केली आणि आरशातल्या स्वतःला म्हणाला, "या, खाणमंत्री, बसा."

*

टीव्हीवरची बाई: देशात पहिल्यांदाच सगळे, अगदी सातही पक्ष मिळून राष्ट्रीय सरकार. शपथविधी दुपारी. खाती संध्याकाळी.

*

लॅम्परूमच्या खिडकीचा नियम: आधी बिल्ला, मग दिवा.

*

त्या खिडकीत बसणारी बाई त्या सकाळी राजधानीतल्या सरकारी अतिथिगृहात बसली होती, एका लांबलचक टेबलाच्या टोकाला. समोर देशातले दोन सगळ्यात मोठे पुढारी. एक डॉक्टर. त्यांनी शेवटचा पेशंट तपासला त्याला इतका काळ लोटला होता, की तो पेशंट आता आजोबा झाला असेल. दुसरे वकील. त्यांची वकिली मात्र अजून रोज चालायची, फक्त कोर्टात नाही. दोघांच्या मधे भावी पंतप्रधान. ते निवृत्त प्राध्यापक, कुठल्याच पक्षाचे नाहीत. डॉक्टरांना वकील नको होते, वकिलांना डॉक्टर नको होते, आणि प्राध्यापकांवर चिडावं असं दोघांनाही काही सापडलं नव्हतं. आठवडाभर प्राध्यापक एवढंच करत होते: दोघांपैकी जो बोलेल त्याच्याकडे बघून मान हलवायची.

ती बाई म्हणजे सातवा पक्ष. खाणकामगारांच्या पक्षाची संसदेत एकच जागा, आणि त्या जागेवर ती. निम्मं आयुष्य तिनं खाणीच्या तोंडाशी लॅम्परूममध्ये काढलं होतं. खाली उतरणारा प्रत्येक जण तिच्या खिडकीत आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, ती तो खुंटीला अडकवायची आणि त्याच्या हातात टोपीवर लावायचा दिवा द्यायची. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पाळी संपली आणि खुंटीवर बिल्ला राहिला, तर माणूस खाली राहिला. एवढा साधा हिशेब. तरी बिल्ल्याशिवाय दिवा मागणारे रोज भेटायचे. घरी विसरला. उद्या देतो. तू ओळखतेस की मला. एकदा तिच्या नवऱ्यानंच हात पसरला. "अगं, मी आहे," तो म्हणाला. "दिसतंय," ती म्हणाली आणि त्याला घरी पिटाळलं. अर्धा रोज बुडाला. तेव्हापासून सगळी वस्ती तिला बिल्लेवाली म्हणायला लागली, आणि पुढं त्याच नावानं तिनं निवडणूक लढवली.

"क्रीडा," डॉक्टर म्हणाले. "क्रीडा घ्या, बाई. सगळ्यांना आवडणारं खातं आहे. शिव्या नाहीत, मोर्चे नाहीत."

"खाण," बिल्लेवाली म्हणाली.

"क्रीडा आणि युवक कल्याण."

"खाण."

"ताई," वकिलांनी आवाजात मध कालवला, "तुमचा एक सभासद. एका सभासदाला खाण खातं दिलं तर बाकीचे आमचं काय करतील?"

"एका सभासदाशिवाय तुमचं भागत असेल तर मी निघते."

ती उठायला लागली तसे दोघं एकदम म्हणाले, "बसा, बसा." प्राध्यापकांनी मान हलवली.

भागत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. लागोपाठ दोन निवडणुका झाल्या होत्या आणि कुणालाच बहुमत नव्हतं. म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षांनी शेवटी सगळ्यांना बोलावून ठणकावलं होतं: सातही पक्ष एका व्यासपीठावर दिसले तर शपथ देतो, एक जरी कमी दिसला तर तिसरी निवडणूक. तिसऱ्या निवडणुकीचं नाव काढलं की डॉक्टरांना दम लागायचा आणि वकिलांना खोकला.

आणि ती खाणीवर अडून बसली होती ते हौसेनं नाही. तिच्या गावच्या खाणीला एकच शाफ्ट होता, म्हणजे खाली उतरायची एकच उभी विहीर. माणसांची ने-आण करणारा पिंजरा तिथूनच खाली जायचा, तिथूनच वर यायचा. तिथं आग लागली, दोर तुटला, काहीही झालं, तर पाळीची पाळी खाली अडकणार. कायदा सांगत होता, प्रत्येक खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. पण खाण खातं कंपनीला दरवर्षी त्यातून सूट देत होतं. खर्च फार, यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. दरवर्षी खाणमंत्री त्या कागदावर सही करायचा, आणि दरवर्षी तिचा नवरा आणि इतर सगळे त्याच एका भोकातून खाली जायचे. कुठल्या तरी मंत्र्यानं एकदा, फक्त एकदा, सही करायची नाही. तेवढ्यासाठी ती इथवर आली होती.

"असं करा," वकील म्हणाले, "शपथ तर घ्या. खाती आम्ही संध्याकाळी जाहीर करतो. प्रथाच आहे तशी. संध्याकाळी बघू."

"माझ्या सासऱ्यांनीही शपथ घेतली होती, वकीलसाहेब. त्यांची संध्याकाळ अजून झालेली नाही."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ती गोष्ट त्यांना ठाऊक होती, कारण मागचं आघाडी सरकार त्यांनीच बांधलं होतं. तेव्हा खाणकामगारांच्या पक्षातर्फे तिचे सासरे मंत्री झाले. शपथ दुपारी घेतली, खातं संध्याकाळी मिळणार होतं. मिळालं नाही. ते सरकार पडेपर्यंत ते बिनखात्याचे मंत्री राहिले. गाडी होती, खोली होती, खोलीत टेलिफोन होता आणि त्यावर फक्त चुकीचे नंबर लागायचे.

"त्यांच्याइतका समजूतदार माणूस मी राजकारणात पाहिला नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून तर या खेपेला मी आलेय. आमच्याकडे बिल्ला हातात पडल्याशिवाय दिवा देत नाहीत. तुम्हाला सातवा पक्ष हवाय. मग खातं इथं, या टेबलावर ठेवा."

कुणीच काही ठेवलं नाही. ठेवण्यासारखं नव्हतंच. खाण खातं केव्हाच डॉक्टरांच्या जावयाच्या खिशात गेलं होतं, आणि त्याच्या बदल्यात बंदरं वकिलांच्या मेहुण्याकडे.

या सरकारची बांधणी कशी चालली होती, तेही सांगायला हवं. त्या एका अदलाबदलीपलीकडं डॉक्टर आणि वकील यांचा एकमेकांवर काडीचाही भरवसा नव्हता. त्यामुळं बाकीच्या लहान पक्षांशी दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बोलत होते. कुणी कुणाला काय कबूल केलं, हे दुसऱ्याला सांगायचं नाही. दोघांची वाटणी शपथविधीनंतर संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवायची आणि मग जे काय भांडायचं ते तेव्हा. शपथेआधी भांडलो तर शपथच व्हायची नाही, हे शहाणपण दोघांनाही होतं. म्हणून डॉक्टर आठवडाभर मनात धरून होते, की वकील आपल्या पाठीमागं काहीतरी विकतायत. आणि वकिलांची खात्री होती, की डॉक्टरांनी विकून झालंय.

"येते मी," बिल्लेवाली उठली.

"म्हणजे व्यासपीठावर येताय ना?" वकिलांनी विचारलं.

"येणार तर. सुताराला सांगा, ती खुर्ची आता हलवू नकोस. बिचाऱ्याचा पाठीचा कणा मोडेल."

ती बाहेर पडली. मागून डॉक्टरांचा सुस्कारा ऐकू आला. नरमली म्हणायची, असं त्यांना वाटलं असावं.

*

व्हरांड्यात फोन वाजला. सासरे.

"सूनबाई, काय झालं?"

"क्रीडा देतायत, मामंजी."

"घे. शपथ घे गं. आत असलं म्हणजे काही तरी करता येतं. बाहेरून नुसत्या घोषणा."

"तुम्ही आत होतात. काय केलंत?"

 मामंजी खाकरले. "खाणमंत्र्याला तीनदा भेटलो. म्हणाला, बघतो."

"आणि?"

"मी वाट पाहिली."

ती भिंतीला टेकली. हा माणूस तिला वाईट वाटत नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा याच माणसानं तिला लॅम्परूममध्ये नोकरी लावून दिली होती, सुना नोकरी करत नाहीत म्हणणाऱ्या सगळ्या भावकीला तोंडावर गप्प करून. गल्लीत अजून सगळे त्यांना मंत्री म्हणूनच हाक मारायचे आणि ते ओ द्यायचे. त्यांना आवडायचंच ते. तिला त्याचाच राग यायचा. फसवलं त्याचा नाही. फसवल्यावरही त्यांना ती हाक गोड लागायची, त्याचा.

"मी नाही वाट बघणार, मामंजी."

"मग काय करणार आहेस?"

"ते मलाही अजून धड माहीत नाही."

"हे बघ पोरी, ती मोठी माणसं आहेत. नाक दाबायला गेलीस तर तुझाच हात पिरगाळतील. तिसरी निवडणूक झाली तर सगळा देश तुझ्या नावानं बोटं मोडेल."

"मोडू दे."

"माझ्या पोराला तरी विचारलंस का?"

"तो पाळीवर आहे. खाली फोन लागत नाही."

मामंजींनी फोन ठेवला. रागानं की काय, ते तिला कळलं नाही.

*

शपथविधीचा सगळा कार्यक्रम टीव्हीवर होता, आणि नंतर तो लोकांनी इतक्यांदा पाहिला, की कोण कुठं उभं होतं हे लहान पोरंसुद्धा सांगायची. मागच्या भिंतीवर 'राष्ट्रीय सरकार'. डावीकडं राष्ट्राध्यक्ष, पाठ ताठ, हातात काठी. मधे माइक. माइकशेजारी सचिव. ते शपथेचं एकेक वाक्य वाचणार आणि मंत्र्यानं ते मागून म्हणायचं. पुढच्या रांगेत प्राध्यापक, त्यांच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वकील. शेवटच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर, बिल्लेवाली.

एकेक जण उठत होता, म्हणत होता, सही करून परत बसत होता. शपथ सगळ्यांना एकच. मी, या राष्ट्राचा मंत्री म्हणून. कसला मंत्री, ते त्यात नव्हतं. पहिल्या पाच-सहा जणांत तिनं ते नीट ऐकलं. नंतर तिला दुसरं काही ऐकू येईना. मंत्री म्हणून. मंत्री म्हणून. त्या शब्दाच्या पुढं तेवढीच रिकामी जागा, दर वेळी.

डॉक्टरांचा जावईही शपथ घेऊन गेला. कोट छान बसला होता.

तिचं नाव पुकारलं. ती उठली.  माइकपाशी आली.

सचिव: मी, या राष्ट्राची मंत्री म्हणून,

ती: मी, या राष्ट्राची खाणमंत्री म्हणून,

सचिव थांबले. चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

सचिव: पुन्हा घेऊ या. मी, या राष्ट्राची मंत्री म्हणून,

ती: मी, या राष्ट्राची खाणमंत्री म्हणून,

सचिव (हळू, पण माइक चालू होता): बाई, तो शब्द नाहीये त्यात.

ती: माहितेय.

सचिव: मग तो गाळा.

ती: नाही गाळत.

समोर बसलेल्या पाहुण्यांत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. कॅमेरे वळले. बिल्लेवालीनं दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला होता. आता हे मला खाली उतरवतील, तिच्या मनात आलं. उतरवू देत. पण का उतरवलं ते यांना इथंच सांगावं लागेल, सगळ्यांदेखत. खाणीला दुसरी वाट मागितली म्हणून उतरवलं, असं यांच्यापैकी एकानं तरी या माइकवर बोलावं लागेल.

मागून कुजबुज आली. पुढची रांग तिच्यापासून दोनच पावलांवर होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"हे कधी ठरलं?" डॉक्टरांचा आवाज.

"मला विचारताय?" वकिलांचा. "खातं तुमच्या वाट्याचं. तुम्ही देऊन टाकलंत आणि मला सांगितलंही नाहीत."

"मी? माझ्या जावयाचं खातं मी देईन? तुम्हीच हिला चढवलीत. बंदरं घेऊन वर हेही."

"डॉक्टर, मला शिकवू नका. ही बाई तुमच्या जिवावरच एवढं बोलतेय."

त्या क्षणी तिला समजलं, की तिच्यामागं कुणीही नाही, हे या दोघांच्या डोक्यातच येत नाहीये. एवढं कुणी एकट्यानं करेल, असा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. ती वळून एक वाक्य बोलली असती तर गैरसमज दूर झाला असता. ती वळली नाही.

राष्ट्राध्यक्षांनी काठी जमिनीवर टेकवली.

"काय चाललंय?"

"महोदय," सचिव म्हणाले, "या शपथेत खात्याचं नाव घेतायत."

"घेऊ नये असा नियम आहे?"

सचिवांनी आठवून पाहिलं. "नियम नाही, महोदय. प्रथा नाही."

"हं." म्हातारबुवांनी पुढच्या रांगेकडं नजर टाकली. त्यांना दुपारी झोपायची सवय होती आणि आज ती मोडली होती. "प्राध्यापक, खाणमंत्री याच आहेत का?"

प्राध्यापकांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर रागानं लाल होऊन उजवीकडच्या पडद्याकडं बघत होते. प्राध्यापकांनी वकिलांकडं पाहिलं. वकिलांनी डावीकडं तोंड फिरवलं होतं. दोघांनाही ओरडायचं होतं, पण काय ओरडणार? हे खातं माझ्या जावयाचं आहे, असं? बंदरांच्या बदल्यात दिलं होतं, असं? सगळा देश बघत होता. खाती तर अजून ठरलेलीच नाहीत, असं कालच दोघांनी पत्रकारांना हसत हसत सांगितलं होतं.

प्राध्यापक एकटे पडले. राष्ट्राध्यक्ष त्यांच्याकडं बघत होते, कॅमेरे त्यांच्याकडं बघत होते, ती बाईही आता माइक न सोडता मान वळवून त्यांच्याकडं बघत होती. तिची नजर विनंतीची नव्हती. खिडकीतून हात पसरणाऱ्याकडं बघावं, तसं ती बघत होती.

प्राध्यापकांनी मान हलवली.

ती सवय होती की निर्णय, यावर पुढं वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आलं. स्वतः प्राध्यापकांनी कधी खुलासा केला नाही.

"मग अडलंय कुठं?" राष्ट्राध्यक्ष सचिवांवर डाफरले. "घ्या पुढं."

सचिव: खाणमंत्री म्हणून,

ती: खाणमंत्री म्हणून, माझं काम कुणाच्याही भिडेला न पडता करीन.

तिनं सही केली. 

*

हिरवळीवर चहा होता. डॉक्टर पेला न घेताच तिच्याकडं आले. चेहऱ्यावर हसू, कारण फोटोवाले भोवती होते. दात मात्र आवळलेले.

"हे बरं नाही केलंत, बाई."

"काय?"

"खाती संध्याकाळी जाहीर व्हायची होती."

"झाली की. जरा आधी झाली."

"किती दिलं तुम्हाला वकिलांनी?"

ती हसली. उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं वकीलही आले, तिला कोपऱ्यात घेतलं आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "ताई, डॉक्टरांनी जावयाला का सोडलं हो? घरात काही बिनसलंय का?" तिनं त्यांनाही उत्तर दिलं नाही. त्या दोघांमधला तो संशय त्या सरकारला शेवटपर्यंत पुरला. एकानं खाण खातं तिच्याकडून काढून घ्यावं म्हटलं, की दुसरा लगेच आडवा यायचा; पहिल्याचा त्यात काहीतरी डाव असणार, म्हणून.

जावई नव्या कोटात एकटाच बिस्किटांच्या टेबलापाशी उभा होता. त्याच्यासाठी आता क्रीडाच उरलं होतं. तिला त्याची जराशी दया आली; फार नाही.

डॉक्टर परत आले. या खेपेला फोटोवाले नव्हते, त्यामुळं हसूही नव्हतं. "महिनाभरात हे खातं तुमच्याकडून काढून घेईन. शब्द आहे माझा."

"महिना पुष्कळ झाला, डॉक्टर. खाणीला सूट देणाऱ्या कागदाची मुदत त्याच्या आतच संपते."

"कसली सूट?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. दरवर्षी त्यांच्याच माणसानं सही केलेला कागद, आणि त्यांना माहीत नव्हतं.  आजवर तिला वाटत होतं, की ही माणसं जाणूनबुजून करतात. यांनी तर कधी वाचलंच नव्हतं.

"बाहेर पडायला एकच वाट असलेली खाण चालवायची सूट," ती म्हणाली. "त्यावर मंत्र्याची सही लागते. मी करणार नाही. सही न करायला किती वेळ लागतो?"

"कंपनी खाण बंद करेल. तुमचीच माणसं घरी बसतील, तुमच्याच दारात येऊन दगड मारतील."

"मारतील," ती म्हणाली. "मला त्यांची तोंडं ओळखीची आहेत. मी दार बंद करणार नाही."

डॉक्टर निघून गेले. फोन वाजला. मामंजी. मागं टीव्हीचा आवाज मोठा होता.

"पाहिलं मी," ते म्हणाले.

"मग?"

"आता सगळे तुला शिव्या घालणार."

"घालू देत."

"मीही दोन घातल्या. टीव्ही बघताना. मग तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा नाही घातल्या."

तिनं हातातला पेला हिरवळीवर ठेवला आणि सचिवांना शोधायला निघाली. खाण खातं कुठल्या इमारतीत आहे, हे तिला विचारायचं होतं.

त्या कागदावर तिनं सही केली नाही. दुसऱ्या शाफ्टचं खोदकाम सुरू झालं तेव्हा ते सरकार पडलेलं होतं आणि खाणमंत्री दुसरंच कोणीतरी होतं.